गल्लीतला उरलेला पाइप

नागपूरजवळच्या मौद्याच्या शाळेत निरोप आला तेव्हा मी वर्गावर होतो. तुळशीराम गेला, एवढंच कळलं. परवा-परवाच त्याला पाहून आलो होतो. काविळीनं डोळे पिवळेजर्द. डॉक्टरांनी पाणी उकळून प्यायला सांगितलं होतं, म्हणून वहिनी लांबच्या विहिरीवरून आणलेलं पाणी चुलीवर चढवत होत्या. तो मला म्हणाला, "मेंबरच्याच घरी नळ नाही म्हणून डॉक्टर हसून राहिला होता गा." स्वतःही हसला. मला काही हसता आलं नाही.

आम्ही दोघं नागपुरात, महाल भागातल्या एकाच शाळेत शिकलो. मी मास्तर झालो, तो वडिलांच्या मागावर बसला आणि स्वातंत्र्यानंतर विणकरांच्या गल्लीनं त्याला म्युनिसिपल कमेटीत निवडून पाठवलं. कमेटीचं कॉर्पोरेशन झालं तरी आमच्या तोंडी ती कमेटीच राहिली आणि तो मेंबर. गल्लीनं त्याच्याकडे मागितला तो फक्त एक नळ. विणकराच्या घरात पाणी पिण्यापुरतंच लागत नाही, ताण्याच्या उभ्या सुताला खळ चढवायलाही लागतं. तुळशीरामनं कचेऱ्यांचे उंबरठे झिजवले, तेव्हा कुठे प्रांताचं अनुदान मंजूर झालं आणि लोखंडी पाइप बैलगाड्यांतून येऊन गल्लीच्या तोंडाशी पडले. बायकांनी त्यांना हळदकुंकू वाहिलं.

आता खोदायचंच काय ते राहिलं होतं. पण सकाळच्या उन्हात ही गल्ली रस्ता नसतेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणे पसरलेले असतात, बायामाणसं त्यांवर खळीचा कुंचा फिरवत असतात आणि सायकलवाला उतरून कडेकडेनं जातो. तेव्हा लगीनसराईच्या लुगड्यांची घाई चाललेली. सगळ्यांत वयस्कर विणकर संपतबुवा पुढे येऊन म्हणाले, "मेंबर, नळ दोन महिने थांबन. लगीनसराई थांबन का?" गल्लीनं माना डोलावल्या. ओव्हरसिअर उद्याच मजूर लावायला तयार होता. मी तुळशीरामला म्हटलं, उरकून टाक, चार दिवस शिव्या देतील नि गप्प बसतील. तर तो माझ्यावरच उखडला. "यायले इचारल्याबिगर यायचीच गल्ली कशी खोदू गा?"

लगीनसराई सरली तोवर पावसाळा तोंडावर आला. काळ्या मातीत चर ढासळणार, म्हणून दिवाळीनंतरचा वायदा झाला, आणि त्याच दिवाळीत राज्यांची फेरआखणी होऊन नागपूरची राजधानी उठली. सचिवालयातली ओळखीची माणसं कुणी भोपाळला गेली, कुणी मुंबईला. आमच्या नळाचं अनुदान कुणाच्या पदरात पडलं, हे कुणालाच सांगता येईना. एका दुपारी गाड्या आल्या आणि पाइप भरून दुसऱ्या वस्तीकडे घेऊन गेल्या. एक मावला नाही. तो मागाहून नेऊ म्हणाले, पण कुणी फिरकलं नाही. तुळशीराम पदरमोड करून मुंबईपर्यंत जाऊन आला. तिथल्या साहेबानं त्याला चहा पाजला आणि नागपूरला चौकशी करायला सांगितलं.

पुढच्या निवडणुकीत गल्लीनं त्याला पाडलं. मेंबरनं नळ खाल्ला, असंही बोलून झालं. संपतबुवा खाली मान घालून कुंचा फिरवत राहिले. थांबा कोण म्हणालं होतं, हे तुळशीरामनं एकदाही तोंडावर आणलं नाही. मी पोरांना नागरिकशास्त्र शिकवतो. लोकांना विचारून कारभार करावा, असं फळ्यावर लिहितो आणि हात तिथेच अडतो... त्यानं विचारलं नसतं, तर आज गल्लीत पाणी असतं. मग पोरांना सांगू तरी काय? राग धरावा तर तेवढा दोषी माणूसही सापडत नाही.

तो उरलेला पाइप तुळशीरामच्या दारापुढे आहे. रोज सकाळी तो त्यावर बसून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा, मेंबरकी गेल्यावरही. पाइपाच्या दोन्ही तोंडांना त्यानं चिंध्या कोंबल्या होत्या. याला थंडी वाजते का, अशी मी थट्टा केली होती. तेव्हा म्हणाला, "उद्या याच्यातून पानी येईन. घाण काहून जाऊ द्याची?"

तो गेल्यानंतर परवा पुन्हा गल्लीत गेलो होतो. पाइपावर कुणी बसलेलं नव्हतं. वहिनी विहिरीवरून आल्या, घागर ओट्यावर टेकवली. मग वाकून पाइपाच्या तोंडातली कुजलेली चिंधी उपसून काढली आणि तुळशीरामच्या जुन्या धोतराची धुतलेली पट्टी तिथे नीट कोंबून बसवली. माझ्याकडे न बघता घागर उचलून त्या आत गेल्या.