नदीपलीकडचं निदान

आमच्या शेजारची मुलगी फिजिशियन असिस्टंट आहे, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली पेशंट तपासते. लायसन्स नदीपलीकडच्या पेनसिल्व्हेनिया राज्याचं, घर मात्र अलीकडे न्यू जर्सीत. इथलं लायसन्स अजून 'प्रोसेसमध्ये' आहे, आणि ते मिळेपर्यंत इथे कुणाला तपासायची परवानगी नाही. त्यामुळे ड्राइव्हवेत कुणी खोकलं तरी ती आभाळाकडे बघते.

परवा माझा पाय मुरगळला. "काका, गाडीत बसा," एवढंच म्हणाली. नदीवरचा पूल ओलांडेपर्यंत तिने चकार शब्द काढला नाही. पेनसिल्व्हेनियाची पाटी मागे पडताच एका गॅस स्टेशनवर गाडी थांबवून तिने माझा घोटा नीट दाबून पाहिला.

"फ्रॅक्चर वाटत नाही. बर्फ लावा."

परतताना न्यू जर्सीतल्या पहिल्याच सिग्नलला मी विचारलं, "किती दिवस लावू?"

तिने दचकून खाली पाहिलं. "ओह नो, काका! पायाला काय झालं?"