मार्तंडभावजींची पार्किंगवरची फांदी

आमच्या बोरीवलीच्या सोसायटीतला आंबा मार्तंडभावजींनी लावला. गिरणी बंद पडून ते बँकेत शिपाई लागले, त्या वर्षी मालवणहून कलम मांडीवर धरून आणलं. आता पंच्याहत्तरी आली, बायको गेली, मुलगी पुण्याला. सकाळी आधी झाडाशी, मग चहा. तुळशीला पाणी घालताना मी तिसऱ्या मजल्यावरून रोज बघते.

यंदा मोहर उशिरा आला आणि त्यावर तुडतुडे पडले. तांदळाच्या दाण्याहून बारीक किडे, पण मोहराचा रस पितात, मोहर गळतो आणि खाली चिकट पडतं. एक फांदी पार्किंगवर. स्कूटरच्या सीटवर त्या चिकटात धूळ बसून काळे डाग.

सेक्रेटरी मुकुल मीटिंगमध्ये म्हणाला, "काका, फांदी छाटायची परवानगी आलीय. किती दिवस सीट पुसायच्या आम्ही?"

"धूळवडीपर्यंत थांब रे. त्या दिवशी एक सीट चिकट निघाली तर फांदी उतरवायची दोरी मीच धरतंय."

"चालेल. पण विषारी औषध नाही हां, खाली मुलं खेळतात. मारलंत तर फांदी गेलीच समजा."

माझ्या रोजच्या वहीत त्या दिवशी फाल्गुन शुद्ध पंचमी आहे, म्हणजे हातात दहाच दिवस.

भावजींनी निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवल्या, गाळल्या, साबण घातला. मधमाश्या गेल्या की संध्याकाळी फवारायचे. रात्री फांदीखाली पांढरा पंचा पसरायचे आणि सकाळी त्यावरचे चिकट ठिपके मोजून मला खालूनच सांगायचे. "वैनी, काल चाळीस, आज पंचवीस!" पुढे नऊवर आले आणि अडले. "सालीच्या भेगांत बसतत मेले." मग दोन दिवस ढगाळ गेले. होळीच्या सकाळी पंचा उचलला, घडी केली आणि आकडा सांगितलाच नाही. संध्याकाळी होळीच्या पूजेलाही आले नाहीत. मी मनात म्हटलं, थकले असतील.

धूळवडीला पंचांगात आम्रकुसुमप्राशन असतं. आमच्याकडे सासूबाईंपासून चालत आलंय. मोहर चंदनाबरोबर वाटायचा, देवाला दाखवायचा, चिमूटभर खायचा. पहाटे मी खालचे दोन तुरे खुडले, धुऊन वाटले. एक वाटी देवापुढे ठेवली, एक शेजारच्या जान्हवीला दिली. तिची दिशा चार वर्षांची, प्रसाद म्हटलं की तिचा हात आधी पुढे.

आरतीचं ताट हातात घेतलं आणि दार कुणीतरी धडाधडा वाजवलं. भावजी. धाप लागलेली.

"वैनी, मोहर खाल्लात काय?"

"अहो, आरती व्हायचीय अजून. का?"

"टाकून द्या. काल सांजेक मी दुकानातला विषारी औषध मारलं. तुमचो मोहर माज्या ध्यानातच रवलो नाय."

माझ्या हातातलं ताट पडलं. "जान्हवीकडे वाटी दिलीय!"

जान्हवीचं दार उघडंच होतं. दिशाच्या तळहातावर मोहर होता आणि जान्हवी सांगत होती, "आधी बाप्पाला हात जोड." भावजींनी जाऊन तो हातच झटकला. पोरीने भोकाड पसरलं.

"काका! डोकं फिरलंय का?"

ते नळाखाली तिचा हात धरून साबण लावत सुटले. "तोंडात गेलं नाय ना? जीभ दाखव बाय. दाखव."

तोंडात गेलं नव्हतं. तरी जान्हवीने डॉक्टरांना फोन केला. हात नीट धुवा आणि लक्ष ठेवा, म्हणाले. आम्ही तिघंही दिशाकडे बघत बसलो. दहा वाजता तिने पिचकारी मागितली, तेव्हा मी रामरक्षा थांबवली.

तिला घेऊन खाली उतरलो. मुकुल सीटांवरून बोट फिरवत होता. कोरड्या ठणठणीत.

"झकास काका! जिंकलात की!"

जान्हवीने माझ्याकडे बघितलं. देवा, क्षमा कर, मी गप्प राहिले. झाड मलाही हवं होतं.

"नाय रे," भावजी म्हणाले, "विष मारलंय मी. छाट फांदी."

मुकुल खिशातून रुमाल काढून बोट पुसत राहिला, मग म्हणाला, "उद्या माणसं बोलावतो."

दुसऱ्या दिवशी फांदी उतरली. दोरी भावजींनीच धरली होती. खाली सांडलेला मोहर त्यांनी वेचून गोणीत बांधला, कुणाच्या देवापुढे जायला नको म्हणून. मग पुठ्ठा घेऊन माझ्याकडे आले.

"तुमचा अक्षर बरा. लिवा."

मी लिहिलं: झाडावर विषारी औषध मारले आहे. मोहर तोडू नये. खाली तारीख घातली.

"माझं नाव पण घाला," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात."