एकाच घरातली जोडी

जगातल्या यच्चयावत गोष्टींचे माझ्या विहीणबाई दोनच भाग पाडतात: पाण्यात ठेवल्या तर टिकणाऱ्या आणि पाण्यात ठेवल्या तरी न टिकणाऱ्या. पहिल्या भागात शेवंती, निशिगंध, कुर्डू, बाजरीचं कणीस असा मोठा गोतावळा येतो. दुसऱ्या भागात तेरडा, गुलमोहर, त्यांचे यजमान आणि उरलेली सगळी मानवजात येते. विहीणबाई म्हणजे माझ्या एकुलत्या एका लेकीच्या सासूबाई. त्यांचं माहेर वळसंगचं आणि सासर सोलापुरातलं. इथल्या बायकांच्या क्लबात दर ऋतूला पुष्परचनेची स्पर्धा होते. तिथं पहिलं बक्षीस कोणाला, असं कोणी विचारत नाही. दुसरं कोणाला मिळालं एवढंच विचारतात. बक्षीस म्हणून स्टीलचा डबा देण्याची त्या क्लबाची पद्धत आहे आणि डब्यावर ऋतूचं नाव कोरलेलं असतं. त्यामुळे माझ्या लेकीच्या स्वयंपाकघरात तूरडाळ 'वर्षा ऋतू, प्रथम' मध्ये असते, हरभराडाळ 'हेमंत ऋतू, प्रथम' मध्ये, आणि चहा करायचा झाला तर आधी ग्रीष्म शोधावा लागतो.

आमची पहिली भेट मोहोळला झाली. ही मंडळी माझ्या मुलीला बघायला आली होती. मी चांगले पोहे केले होते. विहीणबाईंनी ताटली हातात घेतली, गोल फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिली आणि म्हणाल्या, दाणे समदे एका अंगाला गेलेत, तोल न्हाय. मग त्यांनी माझ्या मुलीला आणि स्वतःच्या मुलाला शेजारी शेजारी उभं केलं, चार पावलं मागं सरकल्या, एक डोळा मिटला आणि निकाल दिला, "दीडपट हाय. शोभंल." लग्न ठरलं म्हणून आम्ही आनंदात होतो, पण हे दीडपट काय ते काही कळेना. पुढं केव्हातरी उलगडा झाला की देठाची उंची फुलदाणीच्या साधारण दीडपट असावी असा त्या शास्त्रातला नियम आहे. जावई उंच आणि माझी लेक ठेंगणी. म्हणजे माझी मुलगी फुलदाणी! हे कळल्यावर माझे यजमान दोन दिवस हसत होते. मी मात्र आठ दिवस धुमसत होते.

मानपानाची बोलणी झाली तेव्हा, आम्हाला काही नको, असं जे सगळे वरपक्ष म्हणतात तेच त्यांनीही म्हटलं. आम्ही धास्तावलो, कारण या वाक्यानंतर यादी येते. यादी आलीच, पण तिच्यात एकच कलम होतं: स्टेजवर प्लास्टिकची फुलं नकोत. आम्ही मंडपवाल्याला बजावून सांगितलं, त्यानं मान डोलावली आणि लग्नाच्या दिवशी कमानीवर गुलाबी प्लास्टिकच्या लडी सोडल्या. वरमाई मंडपात शिरल्या, कमानीकडे पाहिलं आणि पैठणीचा पदर खोचून स्टुलावर चढल्या. इकडे भटजी घड्याळ बघतायत, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात भरून आलेत, आणि वरमाई लडी उतरवून, दारावरच्या झेंडूच्या माळा सोडवून कमान नव्यानं बांधतायत. मुहूर्त सहा मिनिटांनी टळला. कोणीतरी कुजबुजलं तेव्हा त्या वरूनच म्हणाल्या की मुहूर्त काय, उद्या बी असतोय. संसार मात्र उत्तम चालला आहे, हे मला कबूल करायला हवं.

त्यांच्या घरी फ्रिजमध्ये फुलं असतात आणि भाजी बाहेर असते. मेथी ओट्यावर माना टाकून पडलेली असते आणि निशिगंध आत गारव्याला बसलेला असतो. एकदा आमचे व्याही बाहेरून उन्हाचे आले आणि फ्रिजमधलं पातेलं तोंडाला लावून त्यांनी सगळं सरबत संपवलं. ते अॅस्टरचे देठ ठेवण्यासाठी केलेलं साखर-लिंबाचं पाणी होतं. व्याह्यांनी मीठ जरा कमी आहे एवढीच तक्रार केली, आणि विहीणबाई नवऱ्याची नव्हे तर अॅस्टरची काळजी करत बसल्या. मंडईतल्या फुलवाल्यांकडून त्या सरळ देठाचं फूल घेतच नाहीत. वाकडा देठ आला की फुलवाले तो त्यांच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. रस्त्यात वाळकी, पिळवटलेली बाभळीची फांदी दिसली की रिक्षा थांबलीच. मग ती फांदी मांडीवर आणि तिचे काटे शेजारच्या उतारूला. मान टाकलेल्या फुलांशी त्या कन्नडमध्ये बोलतात. 'निल्लु, निल्लु,' म्हणजे उभं राहा, असं दटावत राहतात, आणि फूल खरंच उभं राहिल्याचं मी पाहिलं आहे. माझ्याच्यानं शाळेत शिकवण्याच्या तीस वर्षांत वर्गातली शेवटच्या बाकावरची मुलं तशी उभी राहिली नव्हती.

ज्या स्पंजाच्या हिरव्या विटेत हल्ली फुलं खोचतात, तिला त्या 'हिरवी वडी' म्हणतात आणि ती वापरणाऱ्या बायकांना मनातून माफ करत नाहीत. त्यांचा विश्वास खिळ्यांच्या पितळी चकतीवर. तिच्यावर देठ रोवायचा म्हणजे मनगटात ताकद लागते आणि डोक्यात शांतता. पैकी मनगट त्यांच्याकडे भरपूर आहे.

माझे यजमान गेल्यावर मी मोहोळच्या घरात एकटीच राहत होते. एके दिवशी माळ्यावरून पापडाचा डबा काढताना स्टुलावरून पडले आणि उजवं मनगट मोडून घेतलं. लेक आणि जावई येऊन मला सोलापूरला घेऊन गेले. आता आमच्या पिढीतल्या बायकांना हे काय असतं ते ठाऊक आहे. माझ्या आईनं माझ्या सासरी, नातू होईपर्यंत पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी शाळेत शिकवत आलेली बाई, इतकी सोवळी नाही. पण लेकीच्या घरी दोन दिवस राहावं आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं परतावं, हा नियम मी कधी मोडला नव्हता. त्यामुळे जिन्यात कोणीही भेटलं की न विचारता सांगायची, 'चार दिवसांसाठी आलेय.' प्लास्टर निघालं, मनगट वळायला लागलं, उन्हाळा सरला, पाऊसही सरत आला, आणि मी अजून चार दिवसांसाठीच आलेली होते. विहिणीच्या घरात जेवायला बसताना घास लहान होतो, हे ज्या बसल्या आहेत त्यांनाच कळेल.

विहीणबाईंनी मला एकदाही 'राहा' म्हटलं नाही. त्यांनी मला कामाला लावलं. पहिल्याच आठवड्यात माझा प्लास्टरचा हात टेबलावर आडवा ठेवायला सांगून त्यांनी त्याच्यावर वेल सोडून पाहिली. मी चिडून म्हटलं, अहो, हा माझा हात आहे. त्या म्हणाल्या, "व्हय की. रिकामाच हाय न्हवं?" नंतर मी देठ धरायचे आणि त्यांनी कापायचे, असं सुरू झालं. मग हळूहळू कात्री माझ्या हातात आली. डॉक्टरांनी दिलेला रबरी चेंडू दाबायचा मला कंटाळा यायचा, पण बाभळीची फांदी कापताना मनगट दुखतंय हे लक्षात राहायचं नाही. मी फुलं लावली की ती उंचीप्रमाणे ओळीत उभी राहायची, मधे सारखं अंतर सोडून. विहीणबाई बघायच्या आणि विचारायच्या की ही फुलं हायत का कवायत. आम्ही यावरून रोज भांडायचो. भांडण संपेपर्यंत जेवायची वेळ व्हायची, आणि तेवढ्या दुपारपुरता घास लहान व्हायचा नाही.

शरद ऋतूच्या स्पर्धेच्या आठवडाभर आधी मी लेकीला सांगून टाकलं, की स्पर्धेनंतरच्या सोमवारी मी मोहोळला जाते आणि आता पुन्हा राहायला म्हणून यायची नाही. लेक रडली. विहीणबाई दारात शेवंती निवडत बसल्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुढची जुडी निवडायला घेतली. मला वाटलं, चला, सुटल्या बिचाऱ्या. दुसऱ्या दिवशी त्या क्लबात जाऊन आल्या आणि रविवारी तयार राहा, मदतीला यायचंय, एवढंच म्हणाल्या.

रविवारी हॉलमध्ये पोचल्यावर मला कळलं की मी मदतीला आलेली नाही. दर ऋतूला एकटीच्या गटात उतरणाऱ्या आणि डबा घेऊन जाणाऱ्या विहीणबाईंनी या खेपेला नाव दिलं होतं ते 'एकाच घरातील जोडी' या गटात, आणि जोडीदार म्हणून माझं नाव लिहिलं होतं. हा गट सासू-सुनांसाठी आणि मायलेकींसाठी होता. बोलायला वेळ नव्हता. घंटा झाली आणि आम्ही कामाला लागलो. वळसंगच्या रस्त्याकडेचा तरवड, पिवळाधमक, कुर्डू, बाजरीची दोन कणसं आणि एक वाकडी बाभूळ. तरवड मी लावला, माझ्या उजव्या हातानं, आणि विहीणबाईंनी तो हलवला नाही.

परीक्षक यायच्या आधी क्लबाच्या सेक्रेटरीबाई रजिस्टर घेऊन आल्या. कोणीतरी तक्रार केली होती. बाई सज्जन होत्या, पण नियमाच्या पक्क्या. त्या म्हणाल्या, फॉर्मवर नातं 'विहीण' लिहिलंय. विहीण म्हणजे तर दुसऱ्या घरची. तो त्या शब्दाचा अर्थच आहे. हे एका घरात कसं बसवायचं? मला वाटलं, बरोबरच आहे. मी मराठीच शिकवत होते. विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर मीही शून्यच मार्क दिले असते.

विहीणबाईंनी पाण्याचा फवारा उचलला, तरवडावर मारायला सुरुवात केली आणि तिकडेच बघत बोलल्या.

"सात महिनं झालं. हितं जेवत्यात, हितं झोपत्यात, रोज माज्याशी भांडत्यात. घर म्हंजी आनि काय असतंय?"

सेक्रेटरीबाई म्हणाल्या, ते तुम्ही सांगताय, त्यांना सांगू दे. मग माझ्याकडे वळून त्यांनी पेन उघडलं आणि विचारलं, "बाई, तुम्ही पाहुण्या आहात, की इथंच राहता?"

आजूबाजूच्या टेबलांवरच्या बायका थांबल्या. मी आयुष्यभर मुलांना खरं बोलायला शिकवलं आहे. पाहुणी आहे, उद्या सकाळची एसटी आहे, हेच खरं होतं. ते सांगितलं की आमची रचना बाद, आणि विहीणबाई त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा बाद. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्या अजून फवारा मारतच होत्या, एकाच तुऱ्यावर. पाकळीवर पाण्याचा थेंब दिसला तर सुनेला बोलणारी ही बाई, आणि तो तरवड ओला गच्च होऊन निथळत होता, पाणी टेबलक्लॉथवर ठिबकत होतं, आणि त्यांना ते दिसत नव्हतं. तेव्हा मला उमगलं, की मी काय उत्तर देते याची त्यांना धास्ती वाटते आहे. सात महिने मी समजत होते की मी एकटीच संकोचात आहे.

"इथंच राहते," मी म्हटलं. "यांच्या घरी."

"ह्यांच्या न्हाय," विहीणबाई मान वर न करता म्हणाल्या. "आपल्या लिवा."

सेक्रेटरीबाईंनी काय लिहिलं मला माहीत नाही, पण रजिस्टर मिटलं आणि त्या पुढच्या टेबलाकडे गेल्या.

आम्हाला बक्षीस मिळालं नाही. रचनेचा तोल उत्तम, पण पाणी सांडले आहे, असा शेरा होता. त्या शरदाचा डबा एका मायलेकींनी नेला. परत येताना रिक्षात विहीणबाई सबंध वेळ परीक्षकांना काही कळत कसं नाही हे मला समजावत होत्या, आणि पाणी कोणी सांडलं याचा उल्लेख त्यांनी केला नाही. मीही केला नाही. सोमवारची एसटी माझ्याशिवाय गेली.

याला आता तीन वर्षं होतील. मोहोळच्या घरात एक तरुण शिक्षक जोडपं राहतं. विहीणबाई मात्र जरा थकल्या आहेत. स्टुलावर चढत नाहीत, आणि चकतीवर देठ रोवताना त्यांचं मनगट कापतं, मग त्या फांदी गुपचूप माझ्याकडे सरकवतात. आम्हा दोघींतली कोणीतरी एक आधी जाईल आणि दुसरी त्या टेबलाशी एकटी उरेल, हे दोघींनाही कळतं, पण बोलत नाही. परवा मात्र मला राहवलं नाही. शेवंतीचे देठ कापता कापता म्हटलं, विहीणबाई, तुम्ही त्या दिवशी माझ्यासाठी जे केलंत ना, त्याचे उपकार माझ्याच्यानं फिटायचे नाहीत. एवढ्या वर्षांत कधी बोलले नाही, म्हणून आज बोलते.

त्यांनी माझ्या हातातल्या देठाकडे पाहिलं.

"बोलत बोलत कापू नगा. तिरका कापा, न्हाईतर पानी वर चढत न्हाय."

मी तिरका कापला. तेवढ्यात त्यांनी पदरानं डोळे टिपले आणि शेवंतीचा वास लई उग्र आहे म्हणाल्या. शेवंतीला इतका वास नसतो, पण मी पुढचा देठ कापायला घेतला.