तराफ्यातली जागा

त्याला सगळे चष्मेवाला म्हणत, पण तो काही दुकानाचा मालक नव्हता. दुकानाच्या मागच्या खोलीत, पडद्याआड बसून काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या, एवढंच त्याचं काम. पुढे काउंटरवर गिऱ्हाइकं आरशात बघून मुरडत, घासाघीस करत, आणि पडद्याखालून त्याच्याकडे नुसता ट्रे सरकत येई. निम्म्या गावाला त्याच्या हातच्या काचांतून दिसत होतं, तरी रस्त्यात त्याला ओळख दाखवणारं कुणी नव्हतं.

घरीही एकटाच. आई होती तोवर बोलणं व्हायचं. म्हणजे ती बोलायची आणि हा हं म्हणायचा. ती गेल्यावर हं म्हणायचीही सोय राहिली नाही. संध्याकाळी दार उघडलं की सकाळी जिथे ठेवलेला तिथेच कप. तो उचलून विसळायचा आणि खिडकीशी बसायचा.

पॅडलबोर्ड, म्हणजे पाण्यावर उभं राहून वल्हवायची फळी, या घरात आला तो भाच्यामुळे. बहिणीचा मुलगा नोकरीसाठी दुसरीकडे निघाला होता. "मामा, हे थोडे दिवस राहू दे तुझ्याकडे, येऊन नेतो," म्हणत त्याने एक भलंमोठं बोचकं आणून टाकलं आणि गेला तो गेलाच. बोचकं पलंगाखाली मावेना, कपाटावर चढेना. चार वेळा पाय ठेचकाळल्यावर चष्मेवाल्याने ते वैतागून उघडलं. आत गुंडाळलेली रबरी फळी, पंप आणि लांब दांड्याचं वल्हं. हवा भरली तर फळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. आता हिला ओलांडून स्वयंपाकघरात जायचं तरी कसं? शेवटी हवा काढली, बोचकं पाठीवर मारलं आणि रविवारी सकाळी तो गावाबाहेरच्या तळ्यावर गेला.

तिथे दर रविवारी अशा फळ्या घेऊन येणाऱ्यांचं एक टोळकं जमायचं. शाळेत व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई त्यांच्या म्होरक्या. त्यांनी याचं बोचकं पाहिलं आणि काही न विचारता पंपाला हात लावला. "आधी गुडघ्यांवर. मग एकेक पाऊल. आणि पायांकडे बघायचं नाही, समोरच्या झाडाकडे बघा. पायांकडे बघितलं की पाण्यात." चष्मेवाल्याने पायांकडे बघितलं आणि पाण्यात गेला. पुन्हा चढला, पुन्हा गेला. कितव्यांदा तरी तो उभा राहिला आणि उभाच राहिला. तळव्यांखाली पाणी हलत होतं आणि फळी त्याला तोलून धरत होती. पन्नाशी उलटलेला हा माणूस एकदम मोठ्याने हसला. आजूबाजूच्यांनी वल्ही काखेत धरून टाळ्या वाजवल्या. घरी गेल्यावरही बराच वेळ त्याला जमीन हलल्यासारखी वाटत होती, आणि ते त्याला फार आवडलं.

घोडं अडलं ते तराफ्यापाशी. तळ्याच्या मध्यावर गेल्यावर या मंडळींची एक रीत होती. सगळे खाली बसत, फळ्या एकमेकींना भिडवत आणि प्रत्येकजण एक पाय शेजारच्याच्या फळीवर टाकी. झाला तराफा. मग थर्मास निघत, बेकरीवाला त्याचे तेच ते विनोद सांगे, दातांची डॉक्टरीण त्या विनोदांना नावं ठेवी. कुणी कुणाला ये म्हणत नसे. आपण जायचं, पाय टाकायचा, झालं.

पण न विचारता दुसऱ्याच्या फळीवर पाय टाकायचा? चष्मेवाल्याच्या जिवावर आलं. पहिल्याच दिवशी तो अंग चोरून म्हणाला, "तुम्ही बसा, मी जरा फेरी मारून येतो." पुढच्या रविवारी पुन्हा फेरी. मग लोकांनीच ठरवून टाकलं की यांना एकांत आवडतो. "किती शांत असतात हो ते पाण्यावर," डॉक्टरीण कौतुकाने म्हणायची. सगळे त्याच्या एकांताला इतकं जपत, की कुणी चुकूनही हाक मारली नाही. मला विचाराल तर असल्या सभ्यपणाला आग लावावी. एकजण जरी खेकसला असता, "अहो, गरगर काय फिरताय, बसा की!" तर केवढं काम झालं असतं.

अशी काही वर्षं गेली. चष्मेवाला तराफ्याभोवती फिरायचा, हसण्याचे आवाज यायचे, विनोदाचा शेवट मात्र वाऱ्यावर जायचा. शेवटी त्याने मनाचा हिय्या केला. आठवडाभर आंघोळ करताना एकच वाक्य घोकलं, "जरा सरका, मीही बसतो." रविवार आला, तराफा बांधला गेला, आणि हा वल्हं मारत सरळ बेकरीवाला आणि डॉक्टरीण यांच्या मधल्या फटीकडे निघाला. वाक्य ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बेकरीवाल्याने त्याला पाहिलं. "अरे, त्यांना जायचंय, वाट द्या, वाट द्या!" दोघांनी चटकन पाय उचलले, फळ्या बाजूला ढकलल्या. मधोमध छान रुंद रस्ता झाला. आता काय करणार? चष्मेवाला त्यातून पलीकडे गेला. जाताना "थँक्यू" म्हणाला.

त्या दिवशी तो जेवला नाही. आपल्यासाठी या जगात फक्त वाटच आहे, बसायला जागा नाही, असं त्याला वाटलं आणि रडू आलं. पुढचे दोन रविवार तो तळ्यावर गेलाच नाही. तिसऱ्या रविवारी गेला, कारण घरात बसणं त्याहून वाईट होतं.

त्या दिवशी एक नवीन बाई आल्या होत्या. शाळेची बस चालवायच्या, अंगाने भरभक्कम, आवाज त्याहून भक्कम. "याला ब्रेक कुठाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मध्यावर पोचेपर्यंत त्या गुडघ्यांवरच होत्या, जीव मुठीत धरून. तराफा बांधला आणि वाऱ्याने त्यांची फळी टोकाला नेऊन भिडवली. चष्मेवाला नेमका शेजारून फेरी मारत होता.

"अहो भाऊ, कुठे चाललात मला सोडून? धरा की!" असं म्हणत त्यांनी त्याच्या फळीची कड पकडली आणि खसकन ओढली. चष्मेवाला मटकन खाली बसला. बाईंनी आपला जडशीळ पाय त्याच्या फळीवर टाकला, दुसरा डॉक्टरणीच्या, आणि हुश्श केलं. "आता कुणी हलायचं नाही. मी बुडाले तर सगळ्यांना घेऊन बुडेन."

सगळे हसले. चष्मेवालाही हसला. या वेळी बेकरीवाल्याचा विनोद त्याने शेवटापर्यंत ऐकला. अगदीच फुसका होता. वाऱ्याने तराफा हळूहळू वळत होता, त्याबरोबर तोही वळत होता, आणि वल्हं मारावं लागत नव्हतं.

थोड्या वेळाने व्यायामाच्या बाईंनी आकाशाकडे पाहिलं. "चला मंडळी, सुटा. ऊन चढलं." पाय उचलले जाऊ लागले. बसवाल्या बाईंनीही पाय काढून घेतला.

"थोडा वेळ थांबू या का?" चष्मेवाला म्हणाला. आवाज चिरका निघाला, पण निघाला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. व्यायामाच्या बाईंच्या कपाळावर आठी पडली. "तुम्हाला आवडतं होय असं बसायला?"

"हो."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

   उत्तराची वाट न बघता बाई वल्ह्याचा एक हात मारून सरळ त्याच्या शेजारी आल्या आणि आपला पाय त्याच्या फळीवर टाकला. "तुमचा टाका इकडे."

त्याने टाकला. बेकरीवाल्याला भट्टी बघायची होती, तो आणि आणखी एकजण निघून गेले. बाकीचे थांबले.  चष्मेवाल्याचा पाय व्यायामाच्या बाईंच्या फळीवर होता, आणि त्यांनी ती तसूभरही हलू दिली नाही.