आपलंच समजा, घेऊन जा!

सगळा दोष मोठ्या काकांचा. हे आधीच सांगून टाकतो, नाही तर पुढं ऐकताना तुम्ही माझ्याकडंच संशयानं बघत बसाल. चहा घ्या आणि ऐका, असा घोटाळा आख्ख्या शहरात कुणी केला नसेल.

काकांचं हिमरू शालींचं दुकान आहे. पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, पण जाताना निजाम सगळी तहजीब आमच्या काकांच्या नावावर करून गेला असावा, अशा थाटात ते वागतात. दुकानातल्या कुठल्याही वस्तूची कुणी तारीफ केली, की काका छातीवर हात ठेवून किंचित वाकणार. "आपलंच समजा, घेऊन जा!" मग समोरच्यानं म्हणायचं, "छे छे, तुमच्याकडंच शोभतं." झालं! दोघं खूश, वस्तू जागेवर.

खोटारडेपणाच की हा! पण मोठी माणसं करतात म्हणून त्याला खानदानी म्हणायचं.

तर हॉलंडहून यान नावाचा व्यापारी शाली बघायला येणार होता. काकांना इंग्रजी येत नाही. मी इंजिनिअरिंग अर्धवट सोडलेला, म्हणजे घरात माझं नावच 'आमचं रिकामं'. पण त्या दिवशी रिकाम्याची गरज पडली. ऑर्डर मिळाली तर बाहेरदेशची गिऱ्हाईकं मी सांभाळायची, असं ठरलं. न मिळाली तर खुलताबादला मामाच्या किराणा दुकानात पुड्या बांधायला.

सकाळीच काकांनी दम भरला. "मी बोलंन तेच त्याला सांगायचं. तुझी अक्कल मधी घालायची नाय."

"एक शब्द पण नाही?"

"एक शब्द नाय! तुझ्या अकलेनं कालेजात काय दिवे लावले ते बघितलंय आम्ही."

ठीक आहे, म्हटलं. काका, तुम्हीच सांगितलंय हां!

यान आला. उंच, लालबुंद, हसरा. काकांच्या खांद्यावरची शाल बघून म्हणाला, "वा, फारच सुंदर!"

काकांचा हात छातीवर. "आपलंच समजा, घेऊन जा!"

मी जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. यानचे डोळे चमकले. त्यानं "थँक यू" म्हटलं, काकांच्या खांद्यावरून शाल उचलली आणि नीट घडी करून बॅगेत टाकली.

काका बघतच राहिले. त्यांचा एक हात अजून छातीवरच!

माझ्याकडं वळून दातओठ खात हळूच म्हणाले, "त्याला नाय म्हणायचं असतं, ते सांगितलं नाय व्हय?"

"तुम्ही कुठं म्हणालात तसं? माझी अक्कल मधी घालू का?"

काकांनी छातीवरचा हात खाली घेतला. पण सवय कुठं सुटते! यानची नजर गल्ल्याशेजारच्या पितळी पानदानावर गेली. ते काकांच्या आजीचं. यान म्हणाला, "काय नक्षी आहे!" काकांनी ओठ आवळून धरले, खरंच सांगतो, घाम फुटला त्यांना. पण तोंडातून बाहेर पडलंच. "आपलंच समजा..."

पानदान बॅगेत!

शाली दाखवणारे रशीदचाचा मागून म्हणाले, "सेठ, अब जुबान को लगाम देव. नईं तो दीवारां बी लेके जाता ये."

मग काकांनी शेवटचा डाव टाकला. या माणसाला आपली रीत शिकवावी म्हणून त्याच्या मनगटाकडं बोट दाखवून मला म्हणाले, "सांग त्याला, घड्याळ लई झकास हाय म्हणावं."

मी सांगितलं. यान खूश झाला. म्हणाला, "हो ना? मलाही फार आवडतं." आणि बाही खाली ओढून शालींकडं वळला.

मला हसू आवरेना. घरातल्या सगळ्या टोमण्यांची वसुली होत होती हो! तेवढ्यात यान मला कौतुकानं विचारतो, "तुझे काका प्रत्येक वेळी हात असा ठेवून काय म्हणतात?"

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण मी त्याला ते वाक्य शिकवलं. दोनदा म्हणून घेतलं. वर खुलासा केला, "हे ऐकलं की वस्तू तुमची. नको म्हणालात तर काकांचा 'इन्सल्ट' होतो."

"किती छान रीत आहे," यान गंभीरपणे म्हणाला.

शाली त्याला पसंत पडल्या. भरपूर बोलणं झालं, हस्तांदोलन झालं. त्याला निरोप द्यायला आम्ही बाहेर आलो. तो म्हणाला, उद्या फर्दापूरला जाऊन अजिंठा बघायचाय, टॅक्सीचा कंटाळा येतो. आणि तिथंच थबकला.

दाराशी माझी मोटारसायकल उभी होती. भंगारातून आणलेली. इंजिन मी उघडलं, मीच बसवलं, रंग मीच मारला. आयुष्यात पुरं केलेलं माझं एवढं एकच काम.

"अप्रतिम!" यान म्हणाला. "ही कुणाची?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात काका पुढं आले. त्यांना इंग्रजी कळत नाही, पण त्याची नजर कळली. त्यांनी माझ्याकडं बघितलं. सावकाश, अगदी मजेत हात छातीवर ठेवला.

"आपलीच समजा, घेऊन जा!"

"नाही नाही!" मी घाईघाईनं इंग्रजीत सुरू झालो. "ते तसं नाही, ते म्हणतायत..."

याननं माझ्या पाठीवर थाप मारली. "राहू दे, राहू दे. हे वाक्य मला येतं." आणि किल्लीसाठी हात पुढं केला.

मी काकांकडं बघितलं. काका म्हणाले, "दे की. 'इन्सल्ट' व्हईल ना माझा."

ऑर्डर मिळाली. बाहेरदेशची गिऱ्हाईकं आता मीच सांभाळतो. मोटारसायकल गेली. मुकुंदवाडीच्या घरून दुकानात बसनं येतो.