वाघाटीच्या पिलांना धुरी

वाघाटी म्हणजे घरच्या मांजराहूनही लहान, तांबूस ठिपक्यांचं रानमांजर. आमच्या डोंगरझाडीत ती पूर्वीपासूनची. झाडी विरळ झाली तशी ती उसात व्यायला लागली. ऊसतोडीत पिल्लं सापडायची आणि बिबट्याची समजून माणसं त्यांना ठेचायची. हे थांबावं म्हणून मी, एक शाळामास्तर, दर हंगामात डोंगराच्या आसपास तोडकऱ्यांच्या टोळ्यांना फोटो दाखवत फिरायचो. भाषणाची मला भारी हौस. शेवटचं वाक्य ठरलेलं असे: "मारू नका, लेकरासारखं जपा." बाया माना डोलवायच्या आणि मला गड जिंकल्यासारखं वाटायचं.

एका सकाळी टोळीतल्या एका बाईचा निरोप आला, काल दोन पिल्लं सापडलीत. मी हरखून गाडी काढली. पिल्लं तिच्या उसाच्या पाचटाने शाकारलेल्या झोपडीत, कोपीत, तिच्याच तान्ह्या मुलीच्या झोळीत होती. तिने त्यांना ऊन पाण्याने अंघोळ घातली होती, ओव्याची धुरी दिली होती, कापसाच्या बोळ्याने शेळीचं दूध पाजलं होतं. कपाळाला काजळाची तीटसुद्धा होती. एक पिल्लू मेलं होतं. दुसऱ्याची छाती घरघरत होती.

मी तिच्यावर खेकसलो, "अगं, सापडली तिथंच ठेवायची ना! आई येऊन उचलून नेते."

"ह्ये तुमी कवा सांगितलं, गुर्जी?" ती म्हणाली. "लेकरावाणी जपा, आसंच म्हणलता की. मी लई जपलं."

खरंच सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही नाही. मला माझीच लाज वाटली.

दिवस मावळायच्या आत आम्ही जगलेलं पिल्लू टोपलीत घालून मूळ जागी ठेवलं. पण तिथे आता ऊस कुठला! फड तुटला होता, मालकाने पाचट पेटवून दिलं होतं. काळ्या राखेत एकटी टोपली तेवढी दिसत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं गेलो. टोपलीभोवती राखेत बारीक पावलं उमटली होती, फेऱ्यावर फेऱ्या. आई येऊन गेली होती. पिल्लू टोपलीतच होतं, ताठ झालेलं.

बाई उकिडवी बसून ती पावलं बघत राहिली.

"गुर्जी, मी हात लावला नसता, तर नेली असती का हिनं?"

मी हो म्हणालो. निदान तेव्हा तरी खोटं बोलायला हवं होतं.