ठिबकचं ॲसिड आणि नानांची गाडी

आमच्या नानांना, म्हणजे वडिलांना, म्हातारपणी एकच हौस उरली होती. स्वतःच्या गाडीनं धुळ्याला जायचं आणि थोरल्या बहिणीला, आमच्या अक्कांना, शहरातून एक फेरी मारून आणायची. गाडी चाळीस वर्षांची, त्यातली दहा वर्षं गोठ्यात उभी. इंजिन सुरू झालं, पण पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. दर दोन किलोमीटरला गंज नळीत अडकायचा आणि गाडी बंद.

चाळीसगावचा मेकॅनिक म्हणाला, टाकी बदला. पण पैसे टाकून काम करून घ्यायला अक्कल लागत नाही, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. मी केळीचा बागायतदार. ठिबकच्या नळ्यांत क्षार साचले की आम्ही ॲसिड सोडतो, दिवसभर तसंच ठेवतो, दुसऱ्या दिवशी नळ्या धुऊन काढतो. शेडमध्ये अर्धा कॅन पडूनच होता. मी टाकी खोलून खळ्यात ठेवली आणि अर्धं गाव सल्ला द्यायला जमलं.

"ठिबकले चालस, मग टाकीले काबर नही?" शेजारचे आबा म्हणाले.

मी जळगावला रसायनशास्त्र घेऊन पदवीधर झालो आहे. पण ठिबकची नळी प्लास्टिकची असते आणि टाकी पत्र्याची, हे त्या दिवशी मलाही सुचलं नाही आणि जमलेल्या बागायतदारांनाही. सगळं ॲसिड टाकीत ओतून रात्रभर तसंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी टाकी धुऊन उन्हाकडे धरली. बुडाला भोकंच भोकं, त्यांतून पलीकडचा लिंब दिसत होता.

"पन गंज बठ्ठा निंघी गया," आबांनी समाधानानं सांगितलं.

गाडी घेऊन येतो, असा अक्कांना नानांनी आधीच फोन केला होता. आम्ही एसटीनं धुळ्याला गेलो. नानांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि वाटेत ते सारखा खिसा चाचपत होते.

अक्का नवं लुगडं नेसून ओट्यावर वाट पाहत बसल्या होत्या.

"गाडी कोठे शे रे भाऊ?"

नानांनी खिशातून किल्ली काढून त्यांच्या हातात दिली. "गाडी घर शे. चावी लई उनू."

गाडीऐवजी नुसती चावी घेऊन आलेले नाना बघून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी धावत जाऊन रिक्षा आणली. दोघं भावंडं मागे बसली, मी पुढे रिक्षावाल्याला चिकटून. शहरभर फिरलो. अक्कांनी किल्ली शेवटपर्यंत मुठीत धरली होती, आणि मागे वळून नानांकडे पाहायची माझी एकदाही हिंमत झाली नाही.